बाहुलीची पेटी आणि मालकिणीचे कपाट

आमच्या घरी पत्र्याची एक पेटी आहे. रंग उडालेली, झाकणाला पोचे आलेली. तिच्यात सात बाहुल्या आहेत. पाच चिंध्यांच्या, दोन लाकडी. लाकडी बाहुलीला आमच्याकडे ठकीच म्हणतात. सातही जणी नीट नेसवलेल्या आहेत. एकीला हिरवे लुगडे आणि खणाची चोळी, एकीला जांभळे, एकीला अंजिरी रंगाचे आणि त्याला जुन्या जरीच्या काठाचा पदर. मनगटावर हिरव्या मण्यांचे वेढे, म्हणजे चुडा. गळ्यात काळी पोत.

या बाहुल्या माझ्या आजोबांच्या थोरल्या बहिणीने केल्या. ती अकराव्या वर्षी विधवा झाली आणि पुढचे सगळे आयुष्य माहेरी राहिली. मी तिला पाहिलेले नाही. माझी आई लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला तिची शेवटची काही वर्षे पाहायला मिळाली. आईच्या बोलण्यातली आजेआत्या कायम एकाच रंगात असते: डोक्यावरून घेतलेले तांबडे आलवण, अंगात चोळी नाही, गळा आणि हात मोकळे. एक अंगावर, एक वाळत, अशी दोन आलवणे तिच्या वाट्याला येत. जुनी फाटली की नवी. फाटलेल्यांचे काय होई, याची आठवण घरात कोणाला नाही. बाहुल्या मात्र राहिल्या.

ही पेटी पाहिली की बहुतेक जण एकच वाक्य बोलतात: ‘‘बिचारीने बाहुल्यांवर हौस भागवून घेतली.’’ मीही पुष्कळ वर्षे तेच म्हणत आले. पण पुढे जुन्या वस्त्रांच्या नोंदी वाचायचा नाद लागला, तसतसा ‘हौस’ हा शब्द मला अपुरा वाटू लागला. जो माणूस बाहुल्या जमवतो, त्यांचे कपडे ठरवतो, त्याच्या बाहुल्यांचा पेहराव आणि त्याचा स्वतःचा पेहराव यांचे नाते नेमके काय असते? बाहुली त्याच्यासारखीच दिसते? की त्याला जसे दिसायचे होते तशी?

हे तपासायचे तर दोन्हींची माहिती हवी, आणि तिथेच अडचण आहे. बाहुलीचे कपडे पेटीत बंद राहतात म्हणून टिकतात. मालकिणीचे कपडे अंगावर झिजतात, मग पोतेरे होतात. दोन्ही बाजू पुरेशा नोंदलेल्या आहेत अशा तीन स्त्रिया मला सापडल्या. तिघीही दूर देशातल्या. त्यांच्या वाटेने मी पुन्हा या पेटीपाशी आले, म्हणून आधी त्यांच्याविषयी.

जशी बाई, तशी बाहुली

पहिली लीटिशिया क्लार्क, लग्नानंतरची लीटिशिया पॉवेल. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधली सुखवस्तू घरातली मुलगी. १७५४ मध्ये तिने एका बाहुलीला त्या वेळच्या चालीचा पोशाख शिवून घातला आणि पुढे आयुष्यभर, फॅशन बदलेल तशी, नवी बाहुली नव्या पोशाखात उभी करत राहिली. १७६१ मध्ये तिचे लग्न झाले, तेव्हाची बाहुली लग्नाच्या पोशाखात आहे. तिच्यानंतर घरातल्या पुढच्या पिढ्यांनीही हा प्रघात चालवला. या बाहुल्या आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या संग्रहात आहेत.

त्या काळी बाहुल्यांचा आणखी एक प्रवास चालू होता. पॅरिसचे शिंपी नव्या चालीचे कपडे घातलेल्या बाहुल्या युरोपातल्या दरबारांना पाठवत आणि त्या पाहून तिथल्या स्त्रिया आपले पोशाख शिवून घेत. तिथे बाहुली आधी आणि बाई नंतर. पॉवेलबाईंच्या घरी उलट होते. आधी बाईने कपडा नेसला, मग त्याची छोटी प्रत बाहुलीच्या अंगावर चढली. ही एक प्रकारची रोजनिशीच होती, शाईऐवजी सुईने ठेवलेली.

अशी प्रत करणे वाटते तितके सोपे नाही. माणसाच्या कापडावरचे फूल बाहुलीच्या अंगावर थाळीएवढे दिसते. जाड रेशमाची चुणी छोट्या कमरेवर पडत नाही, फुगून उभी राहते. आपल्याकडे ज्यांनी बाहुलीला नऊवारी नेसवली असेल त्यांना हे ठाऊक असेल: कोरे, खळीचे कापड निऱ्या धरत नाही. त्याला धुऊन धुऊन मऊ झालेला धडपाच लागतो. काठही अख्खा घेतला तर गुडघ्यापर्यंत येतो. म्हणून बाहुलीला नटवणारी बाई सतत निवड करत असते. काय ठेवायचे, काय सोडायचे, कुठे खोटे करायचे. पॉवेलबाईंनी ही निवड अशा बेताने केली की पाहणाऱ्याला त्या त्या वर्षी कोणती चाल होती ते कळावे.

त्यांच्या बाबतीत बाहुलीची पेटी आणि मालकिणीचे कपाट एकमेकांशी जुळते. याचे कारण मला असे दिसते की दोन्हींच्या किल्ल्या एकाच हाती होत्या. काय घालायचे हे त्यांच्या वर्गाच्या, वयाच्या चौकटीत त्यांनाच ठरवता येत होते. स्वतःसाठी जे निवडले तेच बाहुलीसाठी निवडायला त्यांना काही अडचण नव्हती.

केन्सिंग्टनमधली मुलगी

दुसरी स्त्री आपल्या आजोबा-पणजोबांच्या रोजच्या बोलण्यातली आहे. ‘राणीछाप रुपया’ हा शब्द ज्यांनी घरात ऐकला असेल त्यांना ती ओळखीची वाटेल: राणी व्हिक्टोरिया.

व्हिक्टोरियाचा जन्म २४ मे १८१९ चा. ती आठ महिन्यांची असताना वडील गेले. आई डचेस ऑफ केंट आणि तिचा कारभारी जॉन कॉन्रॉय यांनी मुलीला केन्सिंग्टनच्या राजवाड्यात अशा शिस्तीत वाढवले की त्या शिस्तीला पुढे ‘केन्सिंग्टन पद्धत’ असे नावच पडले. मुलीने आईच्याच खोलीत झोपायचे. जिना उतरताना कोणाचा तरी हात धरूनच उतरायचे. बरोबरीची मुले जवळजवळ नाहीत. १८३२ पासून ती दैनंदिनी लिहू लागली, तीही आई वाचत असे. पुढे १८७२ मध्ये बालपणाच्या आठवणी लिहिताना राणीने नोंदवले आहे की तिला स्वतःची खोली कधी नव्हती, बसायला आरामखुर्ची नव्हती आणि घरातले सगळे गालिचे झिजलेले होते. राहणी अगदी साधी होती.

कपडेही तसेच. मुलगी बहुधा पांढऱ्या पोशाखात. फेब्रुवारी १८३१ मध्ये ती राणी ॲडलेडच्या दरबारी समारंभाला पहिल्यांदा गेली तेव्हाही पांढऱ्याच पोशाखात, गळ्यात मोती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राजा चौथा विल्यम याचा राज्याभिषेक झाला. व्हिक्टोरिया गादीची वारस, पण आई आणि राजा यांच्यातल्या मानापमानाच्या भांडणात ती त्या सोहळ्याला जाऊ शकली नाही.

नेमके याच सुमारास, १८३१ ते १८३३ या काळात, तिची बाहुल्यांची फौज उभी राहिली. एकूण १३२ बाहुल्या. लाकडी, सांधे हलणाऱ्या, बहुतेक वीतभर किंवा त्याहून लहान. इंग्लंडमध्ये त्यांना ‘डच’ बाहुल्या म्हणत. प्रत्यक्षात त्या आल्प्समधल्या टिरोल भागातल्या सुतारांनी कोरलेल्या असत. ‘डॉइच’ म्हणजे जर्मन, त्याचे ‘डच’ झाले असावे. स्वस्त खेळणे. टोकदार नाक, गालावर लाल ठिपका, रंगवलेले काळे केस. चेहऱ्याने सगळ्या बहिणी-बहिणी. एकीला दुसरीपासून वेगळे करायचे तर कपड्यांनीच करता येई.

कपडे शिवले व्हिक्टोरियाने आणि तिची जर्मन शिक्षिका लुईझ लेहत्सेन हिने. १३२ पैकी ३२ बाहुल्या राजकन्येने स्वतः सजवल्या; बाकीच्यांत लेहत्सेनबाईंचा हात. एका वहीत त्यांची यादी होती: बाहुलीचे नाव, ती कोणाची भूमिका करते, कपडे कोणी केले. वहीवरून बाहुल्यांचे दोन मोठे गट पडतात. एक दरबारी स्त्रियांचा, त्यांत काही नावे मुलीने कल्पनेने रचलेली. दुसरा रंगभूमीचा: ऑपेरा आणि बॅलेमधली पात्रे. मारी तालिओनी ही त्या काळची सर्वांत गाजलेली नर्तिका. तिच्या निरनिराळ्या भूमिकांच्या बाहुल्या या संग्रहात आहेत. पुरुष बाहुले अगदी थोडे.

या बाहुल्यांविषयी आपल्याला इतके कळते ते फ्रान्सिस लो या पत्रकार स्त्रीमुळे. तिने १८९२ मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकात त्यांवर सचित्र लेख लिहिला आणि १८९४ मध्ये त्याचे पुस्तक झाले. तिने टाके जवळून पाहिले होते. पाच-सहा इंची बाहुलीच्या एप्रनला खिसे, खिशांना इवल्या फिती. अर्ध्या इंचाचा हातरुमाल, त्यावर लाल रेशमाने भरलेली आद्याक्षरे. बारा-तेरा वर्षांच्या मुलीने हे केले म्हणजे तिने तासन्‌तास मान खाली घालून शिवण केले असणार. तिला वेळेची कमतरता नव्हती, एकटेपणाचीही नव्हती.

आता दोन्ही पेहराव शेजारी ठेवू. मुलीच्या अंगावर पांढरे मलमल. बाहुल्यांच्या अंगावर रेशीम, जाळी, फुले, पिसे, दरबारी झगे, नाटकातले भडक रंग. मुलीला नाटके पाहायला नेत असत आणि ती तिला अतिशय आवडत. रंगमंचावर कोणी काय घातले होते याची वर्णने तिच्या दैनंदिनीत बारकाईने येतात. पण राजकन्येने नर्तिकेसारखा घोट्याच्या वर येणारा झगा घालणे कल्पनेबाहेरचे होते. ते तालिओनीच्या बाहुलीने घातले. आणि दरबारी स्त्रिया? दरबार तर एक दिवस तिच्याच भोवती भरणार होता. पण या घडीला तिने तिथे केव्हा जायचे, कोणाला भेटायचे, काय घालायचे हे दुसरेच ठरवत होते.

म्हणून या बाहुल्यांकडे पाहून ‘हिला नटायची हौस होती’ एवढाच निष्कर्ष काढणे मला घाईचे वाटते. हौस असेलच. पण पॉवेलबाईंपेक्षा व्हिक्टोरियाला नटण्याची हौस जास्त होती, असे थोडेच आहे? पॉवेलबाईंच्या हातात दोन्ही किल्ल्या होत्या, व्हिक्टोरियाच्या हातात एकच. मालकिणीचा पेहराव आणि बाहुलीचा पेहराव यांत जे अंतर दिसते ते आवडीपेक्षा मुभेचे अंतर असते. कोणाचे कपडे कोण ठरवते, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

राणीला कोणी नटवले?

चौदाव्या वर्षाच्या आसपास बाहुल्यांचा खेळ संपला. २० जून १८३७ रोजी व्हिक्टोरिया राणी झाली आणि पहिल्यांदा तिने जे केले त्यांत एक गोष्ट होती: आपला पलंग आईच्या खोलीतून हलवणे. आता दोन्ही किल्ल्या तिच्या हाती आल्या, असे आपल्याला वाटेल. पण इथे गोष्टीला एक वळण आहे.

त्याच दिवशी तिची पहिली मंत्रणा-सभा झाली. राजा नुकताच वारलेला, म्हणून तिने काळा पोशाख घातला होता. तो पोशाख अजून आहे. काळा रंग विटून तपकिरी झाला आहे. या सभेचे चित्र डेव्हिड विल्कीने काढले. त्यात म्हाताऱ्या, काळ्या कोटांतल्या मंत्र्यांसमोर तरुण राणी बसली आहे आणि तिचा पोशाख पांढराशुभ्र आहे. चित्रकाराला निष्पाप कोवळी राणी दाखवायची होती, म्हणून त्याने तिचे कपडे बदलले. चार वर्षांपूर्वी बाहुल्या नटवणाऱ्या मुलीला आता दुसरेच कोणी नटवू लागले होते.

असेच आपल्या रुपयाचे. १४ डिसेंबर १८६१ रोजी पती अल्बर्ट वारला आणि राणीने काळे कपडे घातले ते कायमचे. पुढे जवळजवळ चाळीस वर्षे, २२ जानेवारी १९०१ ला तिचा मृत्यू होईपर्यंत. १८८७ मध्ये राज्यारोहणाच्या पन्नाशीचा सोहळा झाला तेव्हा राज्यातल्या सगळ्यांची इच्छा असूनही तिने मुकुट व झगा घालायचे नाकारले आणि बॉनेट टोपी घालून ती मिरवणुकीत बसली. पण आपल्याकडच्या रुपयावर पाहा. १८६२ पासून निघालेल्या रुपयावर मुकुट घातलेली, भरतकामाच्या चोळीतली तरुण स्त्री आहे. १८७७ नंतर ‘क्वीन’ जाऊन ‘एम्प्रेस’ आले, चेहरा तरुणच राहिला. ती स्त्री विलायतेत त्याच वेळी म्हातारी होत होती, काळ्या कपड्यांत वावरत होती. सांगली-साताऱ्याच्या बाजारात, मुंबईच्या पेढीवर, बायकांच्या गळ्यातल्या पुतळ्यांशेजारी ओवलेल्या नाण्यावर मात्र ती कायम नटलेली. सत्तेला जशी राणी दाखवायची होती तशी ती नाण्यावर नेसवून ठेवली होती. रुपया हीही एक बाहुलीच म्हणायची, आणि तिच्या पेहरावाशी प्रत्यक्ष स्त्रीच्या पेहरावाचे काही देणेघेणे नव्हते.

या पार्श्वभूमीवर १८९२ चा तो प्रसंग मला फार बोलका वाटतो. त्या वर्षी जानेवारीत राणीचा नातू, गादीच्या वारसांच्या क्रमात दुसरा, वारला होता. सुतकात सुतक. अशा वेळी त्र्याहत्तर वर्षांच्या, आपादमस्तक काळ्या कपड्यांतल्या या स्त्रीकडे बाहुल्यांवरचा लेख तपासायला आला. तिने तो परत पाठवला नाही. वाचला आणि त्यावर आपल्या टिपा लिहून दिल्या. साठ वर्षांपूर्वी कोणत्या बाहुलीचे काय होते, हे तिला सांगावेसे वाटले.

आणि शेवटची एक नोंद. काळ्या कपड्यांत चाळीस वर्षे काढलेल्या या स्त्रीने आपल्या अंत्यविधीसाठी लेखी सूचना करून ठेवल्या होत्या. त्यानुसार तिला पांढऱ्या कपड्यांत, १८४० सालच्या आपल्या लग्नातले जाळीचे अवगुंठन चेहऱ्यावर घालून पुरले.

बाहुल्या पॅरिसच्या, बाई इस्पितळात

तिसरी स्त्री माझ्या नियमाला धक्का देणारी आहे, म्हणून तिला टाळून चालणार नाही. युगेट क्लार्क. जन्म १९०६, पॅरिस. वडील विल्यम क्लार्क हे अमेरिकेतल्या तांब्याच्या खाणींचे सम्राट आणि माँटाना राज्याचे सिनेटर. बहीण लहानपणी गेली, वडील १९२५ मध्ये, स्वतःचे लग्न दोन वर्षांत मोडले, १९६३ मध्ये आई गेली. न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर बेचाळीस खोल्यांचे घर, कॅलिफोर्नियात समुद्रावर हवेली, कनेटिकटमध्ये आणखी एक. त्यांपैकी शेवटच्या घरात ती कधी राहिलीच नाही. १९९१ मध्ये उपचारांसाठी इस्पितळात दाखल झाली आणि बरी झाल्यावरही तिथेच राहिली. वीस वर्षे. २०११ मध्ये १०४ व्या वर्षी वारली तेव्हा मागे सुमारे ३० कोटी डॉलरची मालमत्ता होती आणि गेल्या कित्येक दशकांतले तिचे एकही छायाचित्र लोकांच्या पाहण्यात नव्हते. बिल डेडमन आणि पॉल क्लार्क न्यूएल या दोघांनी तिच्यावर २०१३ मध्ये पुस्तक लिहिले, त्यातून हे आयुष्य उजेडात आले.

युगेटबाईंचा बाहुल्यांचा संग्रह प्रचंड होता. जुन्या फ्रेंच बाहुल्या, जपानी बाहुल्या, त्यांची घरे, त्यांचे किल्ले. त्यांच्यासाठी कपडे पॅरिसहून येत, ख्रिश्चन डिओरसारख्या घराण्याकडूनही. बाहुल्यांच्या घरांची कामे करणाऱ्या कारागिराला त्या फोन करून सांगत की घराची उंची वाढवा, आतल्या माणसांची डोकी आपटताहेत.

आणि स्वतः? इस्पितळाचा गाऊन. त्यावर थंडी वाजते म्हणून एकावर एक घातलेली लोकरी स्वेटरे.

इथे मुभेचा प्रश्नच नव्हता. जगातले कोणतेही वस्त्र या बाईंना मागवता आले असते. कोणी अडवणारे नव्हते. मग बाहुल्या पॅरिसच्या पोशाखात आणि बाई गाऊनमध्ये, असे का? मला यातून एवढेच कळते की कपडा घालणे म्हणजे दिसणे. युगेटबाईंना सुंदर कपडे आवडत होते, ते पाहायला, त्यांचे टाके तपासायला, त्यांच्यावर पैसा खर्चायला आवडत होते. आपण त्यांत कोणाला दिसावे, हे त्यांना नको होते. व्हिक्टोरियाला मनासारखे दिसू दिले जात नव्हते. युगेटबाईंनी स्वतःच दिसणे सोडून दिले होते. दोघींच्या बाहुल्या त्यांच्या वतीने दिसत राहिल्या.

म्हणजे नियम थोडा सुधारून घ्यावा लागतो. दोन पेहरावांमधले अंतर आपल्याला मालकिणीची आवड सांगत नाही. ती जगासमोर कोणत्या रूपात उभी राहू शकत होती, किंवा उभी राहायला तयार होती, हे सांगते.

पुन्हा पत्र्याच्या पेटीकडे

आता आजेआत्या. ती लहान होती त्या काळी विधवांच्या प्रश्नावर महाराष्ट्रात बोलले जात नव्हते असे नाही. पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ चे. कर्व्यांनी विधवांसाठी संस्था काढली ती १८९६ मध्ये. पण कायदा आणि संस्था सगळ्या घरांपर्यंत पोचत नाहीत. आमच्या घरापर्यंत पोचल्या नाहीत. तिच्या कपड्यांची किल्ली तिच्या हाती कधी आलीच नाही. रंग, काठ, चोळी, बांगडी, सगळे दुसऱ्यांनी ठरवून झाले होते. या अर्थाने ती व्हिक्टोरियाच्या बाजूला बसते.

पण बाहुल्यांसाठी कापड तिने कुठून आणले? तिच्या स्वतःच्या कपड्यांत हिरवे-जांभळे काही नव्हते. हा साधा प्रश्न मी कितीतरी वर्षे विचारला नव्हता. दोन वर्षांपूर्वी आईला पेटीसमोर बसवले आणि एकेक बाहुली हातात दिली. तिने कपडे ओळखायला सुरुवात केली. हिरवे लुगडे माझ्या आजीचे, रोजच्या नेसणीतले. खणाची चोळी धाकट्या आजीच्या ओटीतल्या खणाची. जांभळा तुकडा बाळंतपणाला आलेल्या आत्याचा. अंजिरी आईला स्वतःला माहीत नव्हते, पण जरीचा काठ पणजीच्या शालूचा, असे तिने सासूकडून ऐकले होते. घरातली बाई लुगडे टाकायला काढी तेव्हा आजेआत्या त्यातला वीतभर तुकडा मागून घेई. कोणी नाही म्हणत नसे.

हे ऐकल्यावर ‘हौस भागवली’ हे वाक्य माझ्यापुरते संपले. या बाहुल्या म्हणजे तिला नेसायचे राहून गेलेले कपडे असतीलही. पण त्याआधी त्या आमच्या घरातल्या बायकांच्या नेसत्या वस्त्रांचा संग्रह आहेत. पणजी, दोन्ही आज्या, आत्या, कोणाचेही लुगडे आज उरलेले नाही. उरले आहेत ते हे तुकडे, जिने ती वस्त्रे कधी नेसली नाहीत तिने जपलेले. पॉवेलबाईंनी आपल्या कपड्यांची नोंद ठेवली; आजेआत्याने दुसऱ्यांच्या कपड्यांची.

आई आणखी एक सांगते. घरातली मुले बाहुला-बाहुलीचे लग्न लावत तेव्हा सगळी तयारी आजेआत्याकडे असे. मुंडावळ्या, अंतरपाट, रुखवत. मुलांनी तिला एकदा हट्टाने वरमाय केले होते. तिने मानपान घेतला, पण बाहुलीला कुंकू स्वतः लावले नाही. ते तिने मुलीच्या बोटाने लाववून घेतले. खेळातसुद्धा मुभेची रेघ कुठे आहे हे तिला ठाऊक होते.

सात बाहुल्यांत एकही आलवणातली नाही. मी याचा अर्थ असा लावून ठेवला होता की तिने स्वतःला या घरातून वगळले. गेल्या पावसाळ्यात एका चिंध्यांच्या बाहुलीची पाठीकडची शिवण उसवली. कसर लागली आहे का पाहायला मी ती जरा उघडली. आत भरण होते. जुने, धुऊन मऊ झालेले, रंग विटलेले जाडेभरडे सुती कापड, घट्ट गुंडाळून भरलेले. रंग तांबडा. मग बाकीच्या चार जणींच्या शिवणी भिंगातून पाहिल्या. दोन ठिकाणी टाक्यांच्या फटीतून तोच रंग दिसला. आमच्या घरात त्या रंगाचे तसे कापड एकाच माणसाच्या अंगावर होते.

फाटलेल्या आलवणांचे काय होई, याचे उत्तर इतकी वर्षे पेटीतच होते. यात फार गूढ शोधू नये, असे मी स्वतःला बजावते. चिंध्यांच्या बाहुलीला भरण लागते आणि बाई हाताशी असलेले कापड वापरते. काटकसरीच्या घरात दुसरे काय करणार? पण वस्त्रांचा इतिहास असाच कळतो, हाताशी काय होते आणि ते कुठे वापरले यावरून. घरातल्या बायकांची लुगडी तिने बाहेरून नेसवली. आत आपली भरली.

उसवलेली शिवण मी जुन्याच भोकांतून परत घातली. बाहुली धुतली नाही, कपडा बदलला नाही. एक वही केली आणि सातही जणींची नोंद केली: कपडा कोणाचा, कोणी ओळखला, कोणत्या तारखेला. आईचे वय पाहता हे दोन वर्षे उशिरा केले असते तर ‘हिरवे कापड’ एवढेच लिहिता आले असते.

अलीकडे जुन्या वस्तूंच्या बाजारात लाकडी ठक्या आणि कापडी बाहुल्या दिसतात. विकणारे बहुतेक वेळा जुना कपडा काढून टाकतात आणि नवे चकचकीत जरीचे कापड गुंडाळतात, कारण ते चांगले खपते. घेणारेही खूश असतात. काढून टाकलेला तो मळका तुकडा बहुधा कोण्या बाईच्या कपाटातला शेवटचा असतो. ज्यांच्या घरी अशी एखादी पेटी असेल त्यांनी या दिवाळीच्या साफसफाईत ती फेकण्याआधी घरातल्या सर्वांत थोरल्या बाईसमोर उघडावी आणि फक्त एवढेच विचारावे: हे कापड कोणाचे?